भरलेल्या स्टेडियमचा फसवा पुरावा

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तिकिटांवरून जगभर जो वाद पेटला, त्यात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या हातात एकच मोजपट्टी होती: डोकी किती? डिसेंबर २०२५ मध्ये देशोदेशीच्या महासंघांना त्यांच्या चाहत्यांच्या कोट्याचे दर कळले, तेव्हा अंतिम सामन्याचं त्यातलं सर्वांत स्वस्त तिकीटही चार हजार डॉलरच्या वर होतं. यजमानपदासाठी अर्ज करताना मात्र तिकिटं २१ डॉलरपासून मिळतील असं सांगितलं गेलं होतं. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेने याला सरळ विश्वासघात म्हटलं. काही दिवसांतच फिफाने प्रत्येक महासंघाच्या वाट्यातली दहा टक्के तिकिटं ६० डॉलरला देण्याचं जाहीर केलं आणि पाठोपाठ मागणीचा आकडाही पुढे केला: पन्नास कोटींहून अधिक. त्यावर एक बाजू म्हणाली, एवढी मागणी आहे म्हणजे दर योग्यच आहे. दुसरी म्हणाली, थांबा, खुर्च्या रिकाम्या दिसतील तेव्हा यांचे डोळे उघडतील. तेव्हापासून हा वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे.

माझ्या मते दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. तिकीट महाग झालं म्हणून मोठ्या क्लबांची स्टेडियमं ओस पडत नाहीत. तशी धमकी देणारे चाहते पुढच्या हंगामात तोंडावर पडतात. पण स्टेडियम भरलं म्हणून दर रास्त ठरला, हेही खरं नाही. दरामुळे बदलतं ते हे, की कोण येतं, वर्षातून किती वेळा येतं आणि येताना सोबत कोणाला आणतं. याचे परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षं जातात, आणि ताळेबंद तर दरवर्षी मांडावा लागतो. म्हणूनच हा निर्णय बाजारावर सोडता कामा नये. मोठ्या क्लबांनी आणि फिफासारख्या संस्थांनी स्टेडियमचा मोठा हिस्सा जाणूनबुजून बाजारभावाच्या खाली विकला पाहिजे, त्यातून होणारा तोटा सोसला पाहिजे, आणि त्याला दानधर्म म्हणू नये.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा इंग्लंडचा आहे. त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. १९८५-८६ च्या हंगामात इंग्लिश लीगच्या चारही श्रेणींतल्या सामन्यांना मिळून जेमतेम १ कोटी ६५ लाख प्रेक्षक आले. दुसऱ्या महायुद्धानंतरचा हा नीचांक. आणि तिकीट तेव्हा स्वस्त होतं! हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण दगावले होते. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ जणांचा बळी गेला होता. मोडकळीला आलेले स्टँड, घाणेरडी स्वच्छतागृहं, मारामाऱ्या, प्रेक्षकांना कोंडून ठेवणारी लोखंडी कुंपणं. अशा ठिकाणी पोराला घेऊन कोण जाईल? पुढे १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दर कित्येक पटींनी वाढले, आणि प्रेक्षकही वाढतच गेले. आज तिथली सरासरी चाळीस हजारांच्या आसपास आहे आणि जवळजवळ प्रत्येक खुर्ची विकली जाते. स्वस्ताईत गर्दी आटली आणि महागाईत वाढली, असा हा इतिहास आहे.

पण या इतिहासात आधी काय घडलं आणि नंतर काय, हे नीट पाहावं लागतं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज ९७ मोजली जाते. तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. उभं राहून सामना पाहण्याच्या जागा बंद करून सगळीकडे खुर्च्या बसवा, ही त्यातली शिफारस सर्वांच्या लक्षात आहे. त्याच अहवालात टेलर यांनी असंही म्हटलं होतं, की खुर्ची आली म्हणून तिकीट आवाक्याबाहेर जाण्याचं कारण नाही. आज जो उभा राहतो त्याच्या खिशाला पेलेल असे दर ठेवता येतील. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोचं आयब्रॉक्स दिलं होतं. तिथे बसून पाहायला ६ पौंड आणि उभं राहून पाहायला ४ पौंड पडत होते. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या आणि दरांचा परिच्छेद तिथेच ठेवला. लिव्हरपूलच्या प्रसिद्ध कॉप स्टँडमध्ये त्या काळी ४ पौंडांत उभं राहता येई. वीस वर्षांनी तिथली खुर्ची ४० पौंडांच्या पुढे गेली होती, आणि दरम्यान देशातली सर्वसाधारण महागाई दुपटीलाही पोचली नव्हती. म्हणजे मैदानं सुरक्षित झाली, कुंपणं गेली, टीव्हीने खेळ घराघरांत नेला, म्हणून लोक परतले. ते परतल्यावर त्यांच्या परतण्याची किंमत वसूल केली गेली.

हे टाळता आलं नसतं का? त्याच काळात जर्मनीने टाळून दाखवलं. तिथल्या क्लबांच्या मतांची बहुसंख्या सभासदांच्या हाती ठेवणारा ‘५० अधिक १’ नियम आहे, आणि लीग सामन्यांसाठी उभं राहण्याच्या जागा आजही आहेत. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसं उभी राहतात. बुंडेसलीगाची सरासरी उपस्थिती गेली कित्येक वर्षं जगातल्या सर्वोच्च आकड्यांत आहे. स्टेडियमं आधुनिक आहेत, सुरक्षित आहेत, भरतात, आणि उभ्याचं तिकीट विद्यार्थ्यालाही परवडतं. जर्मनीची बाजू मी रंगवून मांडणार नाही. तिथल्या क्लबांना इंग्लिश क्लबांइतका पैसा मिळत नाही, आणि २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षं विजेतेपद बायर्न म्युनिकनेच नेलं. स्वस्त तिकिटाने लीग चुरशीची होत नाही. मात्र ‘सुरक्षित आणि चांगलं हवं तर महागच पडणार’ हा इंग्लिश दावा जर्मनीने खोटा ठरवला, एवढं निश्चित.

आता ‘प्रत्येक खुर्ची विकली जाते’ या वाक्याकडे येऊ. विकली जाते, पण तिच्यावर कोणी बसतं का? इंग्लंडमध्ये जाहीर होणारी उपस्थिती बहुतेकदा विकलेल्या तिकिटांची असते. १ मार्च २०१८ ला, बर्फवृष्टीच्या रात्री, आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना झाला. रांगाच्या रांगा रिकाम्या असलेल्या साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिल्या. अधिकृत आकडा आला ५८,४२०. ही टोकाची रात्र होती हे मान्य, पण आकडा कसा तयार होतो ते तिने उघड केलं. हंगामाचा महागडा पास ज्याला परवडतो, त्याला एखादा सामना बुडवणंही परवडतं. त्याची रिकामी खुर्ची हिशेबात भरलेली असते, आणि बाहेर थांबलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची नोंद कुठेच नसते.

क्षणोक्षणी बदलणाऱ्या दरांचे समर्थक म्हणतात, आमची पद्धत हा प्रश्न आपोआप सोडवते: मागणी कमी असेल तर दरही उतरतो. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकात ही पद्धत वापरून झाली. ऑरलँडोला उल्सान विरुद्ध ममेलोडी सनडाउन्स या सामन्याला ३,४१२ प्रेक्षक होते. चेल्सी आणि फ्लुमिनेन्से यांच्या उपान्त्य सामन्याचं तिकीट ४७३ डॉलरवरून चार-पाच दिवसांत १३ डॉलरवर आलं. ज्याने आधीच ठरवून, रजा टाकून, पूर्ण दराने तिकीट घेतलं, त्याला यातून काय शिकायला मिळालं? की निष्ठेला दंड आहे आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याला बक्षीस. फुटबॉलची गर्दी महिनोन्‌महिने आधी ठरलेल्या सवयीवर उभी असते. विमानाच्या तिकिटाला ही पद्धत चालते, कारण विमानात शेजारी कोण बसलं आहे यावर विमानाचं उडणं अवलंबून नसतं.

फुटबॉलचं तसं नाही, हे करोनाने दाखवून दिलं. जून २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण कंपन्यांना गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सामन्यावर चढवावा लागला. २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ पूर्ण प्रेक्षकांविना झाला, आणि इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या इतिहासात प्रथमच पाहुण्या संघांचे विजय यजमानांपेक्षा जास्त भरले: १५३ विरुद्ध १४४. प्रेक्षक हा खेळाचा ग्राहक आहेच, पण तो खेळाचा एक भागही आहे. तो गेला की टीव्हीवर विकायचा मालच हिणकस होतो. हा मुद्दा आपल्याकडच्या चाहत्यांनी तर नक्की समजून घ्यावा. पुण्यात, ठाण्यात, नाशकात मध्यरात्रीनंतर लिव्हरपूलचा किंवा आर्सेनलचा सामना पाहणारी हजारो मराठी मुलं आहेत. त्यांतलं कोणी नोकरीला लागल्यावर आयुष्यात एकदा लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर जातं आणि मिळेल त्या दराने तिकीट घेतं. मला त्या मुलाबद्दल पूर्ण आदर आहे. ‘पर्यटक’ म्हणून त्याला हिणवणारे तिकडचे चाहते चुकतात. पण तो हजारो मैल ओलांडून जातो तो कशासाठी? कॉपचं सामूहिक गाणं ऐकण्यासाठी. ते गाणं त्याच्यासारख्या एकदाच आलेल्या पाहुण्यांनी म्हटलेलं नसतं. आठवड्यामागून आठवडे येणाऱ्या, बापाबरोबर पहिल्यांदा आलेल्या, शहरातल्या साध्या माणसांनी ते टिकवलेलं असतं. त्यांना दराने हाकललं, तर आपला मुलगा तिथे पोचेल तेव्हा शेजारच्या खुर्चीत त्याच्यासारखाच मोबाइल उंच धरून, गाणं सुरू होण्याची वाट पाहणारा दुसरा पाहुणा असेल.

पैशाचा मुद्दा गंभीर आहे, त्याला नाक मुरडून चालणार नाही. खेळाडूंचे पगार, अकादमी, महिला संघ, स्टेडियमची दुरुस्ती, सगळ्याला पैसा लागतो. आणि खालच्या श्रेणीतले क्लब तर फाटकावरच्या कमाईवरच जगतात. त्यांना ‘तिकीट निम्मं करा’ असा उपदेश करणं हा अन्याय होईल. पण वरच्या श्रेणीचं गणित वेगळं आहे. अलीकडच्या हंगामांत प्रीमियर लीग क्लबांच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवशीच्या कमाईचा वाटा साधारण १४ टक्के आहे, आणि त्यातलाही मोठा भाग पंचतारांकित बॉक्स आणि मेजवानीच्या पॅकेजांतून येतो. दुसरीकडे २०२५ पासूनच्या चार वर्षांचे देशांतर्गत टीव्ही हक्क ६७० कोटी पौंडांना विकले गेले. गोलपोस्टच्या मागच्या तिकिटात पाच-दहा पौंडांची वाढ करून क्लबाच्या ताळेबंदात किती फरक पडतो? बायर्न म्युनिकचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी हे एकदा उघडपणे सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की स्वस्तातला हंगामी पास १०४ पौंडांवरून ३०० वर नेला तर क्लबाला वीस लाख पौंड जास्त मिळतील. खेळाडूच्या खरेदीत तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो, पण चाहत्याच्या दृष्टीने १०४ आणि ३०० मधलं अंतर प्रचंड असतं. होनेस यांच्या इतर व्यवहारांबद्दल काहीही मत असो, या हिशेबात मला खोट सापडत नाही.

राहिला काळाबाजार. तिकीट स्वस्त ठेवलं की मधला फायदा दलाल खातो, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. २९ जुलै १९११ ला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्या दिवशी दोन रुपयांचं तिकीट पंधरा रुपयांना गेल्याचं सांगतात. ज्यांना आत जाता आलं नाही, त्यांना पतंग उडवून गोल कळवले गेले. मग उपाय काय? तिकीटच पंधराला विकायचं? फिफाने स्वतःचा पुनर्विक्रीचा बाजार उघडला आहे. २०२६ च्या तिकिटांवर तिथे विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून आणखी १५ टक्के घेतले जातात. याने दलाली संपत नाही, आयोजक तिच्यात भागीदार होतो. नावावरचं तिकीट, छापील दरानेच परत विकण्याची सोय आणि फाटकावर ओळखपत्राची तपासणी, हे उपाय कंटाळवाणे आहेत पण उपलब्ध आहेत. शिवाय टंचाई नेहमी मागणीमुळेच होते असंही नाही. मुंबईकरांना हे सांगायला नको. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात ब्रेबॉर्नवरच्या तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. त्याच वानखेडेवर २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची जेमतेम चार हजार तिकिटं आम जनतेसाठी होती. बाकीची क्लब, संस्था, प्रायोजक आणि मानकरी यांच्यात वाटली गेली. सामान्य माणसाच्या वाट्याला मूठभर तिकिटं ठेवायची आणि मग त्यांच्यासाठी उडालेल्या झुंबडीला ‘बाजाराची मागणी’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

लोकांनी हे मुकाट्याने सोसावं, असं काही ठरलेलं नाही. सप्टेंबर १८०९ मध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह आगीनंतर नव्याने उघडलं. बांधकामाचा खर्च भरून काढायला मालकांनी दर वाढवले आणि प्रेक्षकांची जागा कमी करून श्रीमंतांसाठी वार्षिक भाड्याचे खासगी बॉक्स केले. ‘जुना दर’ अशी आरोळी ठोकत प्रेक्षकांनी ६७ रात्री नाटक ऐकू येऊ दिलं नाही. शेवटी व्यवस्थापक जॉन केंबल यांना नमावं लागलं: पिटाचा, म्हणजे रंगमंचासमोरच्या साध्या जागांचा, दर पूर्ववत झाला, बॉक्स कमी झाले. दोनशे वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०१६ ला, लिव्हरपूलने नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट काढायचं ठरवल्यावर सुमारे दहा हजार चाहते संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तेव्हा संघ २-० ने पुढे होता. सामना २-२ सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. त्यापूर्वी २०१३ मध्ये आर्सेनलने पाहुण्या चाहत्यांना ६२ पौंड लावले, तेव्हा मँचेस्टर सिटीला आपल्या वाट्यातली ९१२ तिकिटं परत पाठवावी लागली होती. या सगळ्याचा दाब साचत गेला आणि मार्च २०१६ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. ती आजही आहे. कोणताही क्लब त्यामुळे बुडाला नाही. जी लीग स्वतःला खुल्या बाजाराचं यश म्हणवते, तिने स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बाजार बंद केला, कारण पाहुणे चाहते आले नाहीत तर आवाज मरतो हे तिला कळत होतं. मग यजमान चाहत्यांच्या आवाजाला किंमत नाही का?

भारतात मात्र प्रश्न उलट्या टोकाचा आहे, आणि इथे ‘तिकीट स्वस्त करा’ ही मागणी अपुरी पडते. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर सुनील छेत्रीने चिनी तैपेईविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, ती २,५६९ प्रेक्षकांसमोर. दुसऱ्या दिवशी त्याने चित्रफितीतून लोकांना विनवणी केली, आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, तेच मैदान भरलं. फरक पडला तो त्याच्या हाकेने. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत सरासरी पंचवीस हजारांच्या घरात होती. ती टिकली नाही, आणि तिकीट महाग झालं हे त्याचं मुख्य कारण म्हणता येणार नाही. आपल्याकडे सामन्याची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री साडेसात-आठला सुरू होणारा सामना, परतीची लोकल, लहान मूल सोबत असेल तर दुसऱ्या दिवसाची शाळा, आत पाण्याची बाटली नेऊ न देणं, ही सगळी किंमतच आहे. जर्मनीतल्या चाहत्यांनी हे ओळखलं होतं. सोमवारच्या सामन्यांविरुद्ध ते मैदानावर टेनिसचे चेंडू फेकत राहिले, आणि २०२१-२२ पासून बुंडेसलीगाचे सोमवारचे सामने बंद झाले.

आणि माणसं येतच नाहीत असंही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते, तिच्यासाठी कोणा नटाला क्लब विकत घ्यावा लागला नाही. पेठेचा संघ, पायी जाण्याइतकं मैदान, खिशाला जड न होणारं तिकीट आणि आज्यापासून चालत आलेली ईर्षा. तिथे हुल्लडबाजी होते, ती निंद्य आहे आणि तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण ती गर्दी कशी तयार झाली याचा अभ्यास करण्याऐवजी आपल्या व्यावसायिक क्लबांनी फुकट पासांचा मार्ग धरला. फुकट पासाने एक संध्याकाळ भरते, सवय लागत नाही. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड सिटीने वेगळं केलं. चौथ्या श्रेणीत घसरल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी अख्ख्या हंगामाचा पास १३८ पौंडांना काढला. त्या तळाच्या श्रेणीतही त्यांच्या मैदानावर तेरा हजारांच्या आसपास सरासरी राहिली. माणसाने आधीच थोडे का होईना पैसे भरलेले असतात, म्हणून पावसातही तो येतो. अंधेरीला आणि गोव्यातल्या फातोर्ड्याला नेमकं हेच करता येईल: हंगामाचा पास कॉलेजच्या मुलाला एका सिनेमाच्या खर्चात पडावा, शनिवार-रविवारचे संध्याकाळचे सामने वाढावेत, आणि किकऑफची वेळ ठरवताना वाहिनीच्या आधी लोकलचं वेळापत्रक पाहिलं जावं.

मँचेस्टर असो वा मडगाव, या वादात यापुढे एक मागणी सगळ्यांनी लावून धरावी. विकलेल्या तिकिटांचा आकडा पुरे झाला. फाटकातून प्रत्यक्ष आत किती आले, त्यांतले पंचविशीच्या आतले किती, आणि हंगामात पाचांहून अधिक सामन्यांना आलेले किती, हे क्लबांनी दरवर्षी जाहीर करावं. डिजिटल तिकिटांमुळे ही माहिती त्यांच्याकडे आजच आहे. जाहिरातदारांना दाखवायला ते ती वापरतात. आमच्यासमोर ती येत नाही, तोवर ‘हाउसफुल्ल’ची पाटी दरवाढीचं समर्थन म्हणून कोणी पुढे करू नये.